आमची उत्तर दिशा

फाल्गुन सरून चैत्र लागला आणि शाळांच्या परीक्षांची वेळापत्रके घरोघर भिंतींवर चढली, की वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंबांत एकच चर्चा सुरू होते; ‘यंदा उत्तरेकडे कोठे जायचे?’ अमरावती-अकोल्याचा उन्हाळा ज्याने एकवार अनुभवला आहे, त्यास ह्या चर्चेचे नवल वाटणार नाही. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, रात्रीही भिंती निवत नाहीत. अशा वेळी उंच, थंड आणि रानवट मुलखाची ओढ लागणे इतके स्वाभाविक आहे की, त्या ओढीस नावे ठेवणाराच वेडा ठरावा. आमचा वाद त्या ओढीशी नाही. प्रवासाची आखणी सांप्रत ज्या रीतीने होते त्या रीतीशी, आणि ‘उत्तर’ ह्या शब्दाचा जो तोकडा अर्थ आमच्या शिकलेल्या वर्गात रूढ झाला आहे त्या अर्थाशी आमचा वाद आहे.

ही आखणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. रात्रीची जेवणे आटोपली की यजमान हातातील मोबाइल पुढे करतात व सारी मंडळी त्याभोवती गोळा होतात. त्या चिमुकल्या पडद्यावर ‘सहा रात्री, सात दिवस’ अशा मापाचे तयार प्रवास, बाजारात शिवलेले सदरे टांगावेत तसे ओळीने टांगलेले असतात. गृहिणी विचारते, खोलीत गरम पाणी मिळेल ना? आजोबा विचारतात, जेवणात वरण-भात असेल ना? चिरंजीव विचारतात, बर्फात खेळायला किती वेळ मिळेल? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांना हसणे आम्हांस साजणार नाही. परंतु चौथा प्रश्न कोणीच विचारीत नाही. आपण जाणार तो मुलूख कसला आहे, तेथील माणसे कोणती भाषा बोलतात, त्या महिन्यात त्यांच्या शेतात काय चालले असते, त्यांचे पाणी कोठून येते आणि आपल्यासारखे हजारो पाहुणे एकदम येऊन उतरले म्हणजे त्या पाण्याचे काय होते, ह्यांपैकी एकाही गोष्टीची चौकशी न होता पैसे भरले जातात, पावती हाती येते आणि त्या पावतीलाच आखणी हे नाव मिळते. मुलीसाठी स्थळ पाहताना जे घराणे सात पिढ्यांची चौकशी करते, तेच घराणे एका पर्वताच्या घरी पाहुणे म्हणून जाताना त्याचे नावही धड विचारीत नाही!

असल्या आखणीचे पहिले फळ आखणाऱ्यासच भोगावे लागते. अकोला समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहूनही कमी उंचीवर आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर. अकोल्याचे कुटुंब नागपुरास विमानात बसते आणि दिल्लीमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळी लेहला उतरते. इतक्या उंचीवरील विरळ हवेची सवय होण्यास शरीराला अवधी लागतो, पहिले एक-दोन दिवस तरी निव्वळ विश्रांतीत घालवावेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण विश्रांतीचा दिवस विकत घेणाऱ्यास फुकट गेल्यासारखा वाटतो. म्हणून लगोलग ५,३०० मीटरहून उंच असलेल्या खारदुंग खिंडीचा बेत ठरवून देणारे कार्यक्रम विकले जातात व मोठ्या हौसेने घेतलेही जातात. मग आजोबांचे डोके ठणकू लागते, मुलांना वांत्या होतात आणि सारा दोष आदल्या रात्रीच्या भाजीवर ढकलला जातो. भाजी बिचारी निर्दोष असते. उंचीचा नियम कोणी विचारलाच नव्हता, एवढेच.

दुसरे फळ पर्वताला भोगावे लागते. २०१३ च्या जून महिन्यात केदारनाथच्या प्रलयात हजारो माणसे दगावली. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठ येथील शेकडो घरांना तडे गेले व कुटुंबांना घरे सोडून निघावे लागले. ह्या आपत्तींची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा सारा भार यात्रेकरूंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि नदीच्या पात्राला खेटून आणि ठिसूळ उतारांवर जी माडीवर माडी चढत गेली, ती कोणाच्या मागणीने चढली ह्याचा विचार करू लागल्यास, चोवीस तास गरम पाण्याची चौकशी करणारे आमचे निरुपद्रवी कुटुंब त्या हिशेबातून अगदीच सुटत नाही. मागणी करणारा एकेक जण निरागस असतो. मागण्यांची बेरीज निरागस राहत नाही.

येथपर्यंतचे आमचे म्हणणे कोणत्याही प्रांतातील प्रवाशास लागू पडेल. वऱ्हाडापुरते आमचे गाऱ्हाणे ह्याहून वेगळे आणि अधिक गंभीर आहे. वऱ्हाडाला स्वतःची अशी एक उत्तर दिशा आहे. अचलपूर, अकोट, अंजनगाव, मोर्शी ह्यांपैकी कोणत्याही गावाबाहेर उभे राहून उत्तरेकडे तोंड करावे, म्हणजे सातपुड्याची निळी रांग क्षितिजभर पसरलेली दिसते. हीच गाविलगडाची रांग, आणि तिच्या पोटात पसरले आहे ते मेळघाट. घाटांचा मेळ तो मेळघाट, असा त्या नावाचा अर्थ सांगतात, आणि एका दरीतून चढून दुसरीत उतरणाऱ्यास तो लगेच पटतो. १९७३ साली ह्या देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनांत मेळघाटची गणना झाली होती. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार ह्या त्या वनातील नद्या तापीला जाऊन मिळतात. आणि त्याच डोंगराच्या दक्षिण अंगाने चंद्रभागा, शहानूर, वान ह्या नद्या उतरून पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे आमच्या अंगणात येतात. शहानूरवरील धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे जाते, वानवरील धरणाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडे. चारशे कोसांवरचा बर्फ पाहण्याचे बेत करीत असताना मधूनमधून तहान लागून जो पेला ओठी लावला जातो, त्यातील पाणी मेळघाटच्या झाडांनी अडवलेले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आमच्या पूर्वजांनी बहुधा अशाच एखाद्या घरगुती सभेत बसून रचली असावी.

‘उत्तर’ म्हटले की आमच्या वर्गाच्या डोळ्यांपुढे दिल्ली व तिच्या पलीकडचा हिमालय एवढेच उभे राहते. पण उत्तरेचा इतिहासही ह्याच डोंगराच्या पायथ्याशी वळण घेऊन गेला आहे, हे किती घरांत ठाऊक आहे? १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांचा गाविलगड घेतला; दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला व नागपूरकर भोसल्यांना वऱ्हाडावर पाणी सोडावे लागले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला आणि दिल्ली-आग्र्याचा प्रदेश व गंगा-यमुनेमधला दुआब मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. ज्या दिल्लीच्या विमानतळावर आमची कुटुंबे आज पुढच्या विमानाची वाट पाहत बसतात, ती दिल्ली गमावल्याचा कागद अमरावती जिल्ह्यातील एका गावी लिहिला गेला! गाविलगडाच्या पडक्या तटावर मुलांना उभे करून एवढी एक गोष्ट सांगितली तर त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकास जीव येईल. पण गड राहतो बाजूला, आणि चिखलदऱ्यास गेलेली मंडळी रबडी खाऊन सूर्यास्ताची छायाचित्रे घेऊन परततात.

प्रवास कसा आखावा हे शिकण्यासाठी वऱ्हाडाने परक्याच्या दारी जावे, ह्याइतकी विसंगत गोष्ट दुसरी नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव महानुभावांचे थोर तीर्थ. तेथे श्रीगोविंदप्रभू राहिले. तेथेच तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जन्मास आला. ह्याच पुण्याईमुळे मराठी भाषेचे विद्यापीठ तेथे स्थापण्यात आले व २०२४ साली त्याला पहिले कुलगुरू लाभले. परंतु ह्या सगळ्या वैभवाचा उगम कशात आहे हे पाहू गेल्यास, तो एका अर्ध्यावर सोडलेल्या प्रवासात आहे असे आढळून येईल. महानुभाव परंपरा सांगते की, गुजरातेतील एक राजपुत्र रामटेकच्या यात्रेला म्हणून घरून निघाला. वाटेत रिद्धपूर लागले. तेथे त्यास गोविंदप्रभूंचे दर्शन झाले. आणि रामटेक रामटेकच्या जागी राहिले. हा राजपुत्र म्हणजेच श्रीचक्रधर. त्यांच्या प्रवासाचा कार्यक्रम आजच्यासारखा पक्का बांधलेला असता, ‘रिद्धपूर, थांबा पंधरा मिनिटे’ अशी पाटी वाचून ते पुढे गेले असते, तर मराठी भाषेची केवढी हानी झाली असती ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. ज्या आखणीत वाट वाकडी करण्यास जागा नाही, तीत काही नवे भेटण्यासही जागा नसते.

आणि रिद्धपूर सोडल्यावर चक्रधर गेले कोठे? मोर्शीच्या उत्तरेस, आज मध्य प्रदेशाच्या सीमेवर असलेल्या साळबर्डीच्या डोंगरात. तेथील अरण्यात त्यांनी दीर्घकाळ एकांतवास केला आणि मुक्ताबाई नावाच्या तपस्विनीची भेट तेथेच झाली, असे परंपरा मानते. म्हणजे वऱ्हाडच्या उत्तरेचे रान हे ह्या मातीत साडेसातशे वर्षांपासून आत्मशोधाचे ठिकाण आहे. रिद्धपूर-साळबर्डी हे अंतर सांप्रत मोटारीने सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंतच्या वेळात सहज कापता येते. असे असूनही, ज्यांनी कुलू-मनाली दोनदा पाहिली पण साळबर्डी हे नावही ऐकलेले नाही, अशा सुशिक्षित माणसांचा तोटा अमरावती शहरात पडणार नाही.

ज्या रामटेकला चक्रधर पोहोचले नाहीत, तेच कालिदासाचा रामगिरी होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांचे मत होते. ते ग्राह्य धरले तर मेघदूत हीदेखील विदर्भातून उत्तरेकडील पर्वतास निघालेल्या एका प्रवासाची आखणीच ठरते. आणि ती किती सुजाण! कोणत्या शिखरावर विसावा घ्यावा, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, वाटेतील कोणत्या जनपदात लोक कशाची प्रतीक्षा करीत असतील, हे सारे यक्ष मेघास सांगतो; इतकेच नव्हे तर वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नको असेही बजावतो. शिवाय हा मेघ रिकाम्या हाताने जात नाही. तो ज्या ज्या भूमीवरून जातो तिला पाणी देत जातो. आमचा आजचा प्रवासी नेमके उलटे करतो. तो जेथे जातो तेथले पाणी पिऊन प्लास्टिकची रिकामी बाटली मागे ठेवून येतो.

म्हाइंभटांचे उदाहरण तर ह्याहूनही बोधप्रद आहे. चक्रधरांच्या लीळा जमविण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. ज्या ज्या माणसाने चक्रधरांना पाहिले वा ऐकले होते त्याच्याकडे जाऊन विचारपूस केली. आणि दोघांच्या आठवणींत फरक पडला तर तो फरकही प्रामाणिकपणे नोंदविला. पुढे चौदाव्या शतकात रचली गेलेली मानतात ती स्थानपोथी म्हणजे मराठीतील पहिले प्रवासदर्शकच म्हटले पाहिजे. चक्रधर व गोविंदप्रभू ज्या ज्या गावी बसले, निजले, जेवले त्या त्या स्थानाची नोंद तीत आहे. देऊळ गावाच्या कोणत्या अंगास आहे, त्याचे दार कोणत्या दिशेस आहे, एवढ्या बारकाव्याने ती केलेली आहे. भाविकांनी त्या स्थानांवर ओटे बांधले आणि शतकानुशतके पायी हिंडून ते राखले. अशा ग्रंथाच्या वारसांनी प्रवासाला निघताना काय करावे, तर कोणा अनोळखी माणसाने ‘अप्रतिम’ म्हणून दिलेले पाच तारे मोजावेत!

शेवटी चक्रधर उत्तरापंथास गेले, असे महानुभाव म्हणतात. त्यांच्यानंतर हा पंथही उत्तरेस गेला. पंजाबात रुजला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले, आणि जेथे मराठी बोलणारे घर औषधालाही नव्हते तेथे मराठी पोथ्या भक्तीने वाचल्या गेल्या. ते लोक उत्तरेस काहीतरी घेऊन गेले. आजही पंजाबातील भाविक रिद्धपुराच्या ओट्यांवर डोके ठेवण्यासाठी इतक्या दुरून येतात. आणि नेमक्या त्याच हंगामात अमरावतीचे कुटुंब रिद्धपुराकडे न फिरकता पंजाबवरून पुढे हिमाचलास जाते. उत्तर आमच्या घरी येऊन गेली तरी यजमानांस खबर नाही, कारण यजमान उत्तरेस गेलेले!

आता आमच्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, मेळघाटात पाहण्यासारखे आहे काय? वाघ दिसत नाही, बर्फ तर नाहीच. वाघ दिसत नाही हे बहुतांशी खरे आहे, आणि आमच्या मते ते त्या वनाचे भूषण आहे. डोंगर, दऱ्या आणि साग-बांबूची दाटी ह्यांमुळे वाघाला तेथे लपावयास जागा उरली आहे. दहा गाड्या एका वाघामागे लावून त्याला छायाचित्रांत कोंडण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी लीळाचरित्रातील सशाची गोष्ट आठवावी. पारध्यांपुढे पळणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपला आणि त्यांनी त्यास अभय दिले. आमचा प्रवासी मांडीखाली आसरा देणाऱ्यांच्या बाजूचा की पाठलाग करणाऱ्यांच्या, हे त्याने स्वतःस विचारावे. शिवाय वाघावाचून पाहण्यासारखे काही नाही हे म्हणणेच अडाणीपणाचे आहे. रानपिंगळा हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर कोणास नक्की आढळला नव्हता. तो नामशेष झाला असेच पुष्कळांनी धरले होते. १९९७ साली तो सातपुड्यातच, शहाद्याजवळ, पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. शंभराहून अधिक वर्षे जगाला चकवणारा पक्षी ज्या रानात राहतो, तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्याने आपले डोळे तपासून घ्यावेत हे बरे.

माणसांची गोष्ट तर ह्याहून मोठी. मेळघाटातील कोरकूंची भाषा मराठीच्या कुळातील नाही, गोंडीच्या द्रविड कुळातीलही नाही. ती पूर्वेकडील संथाळी-मुंडारीची बहीण असून तिचे दूरचे नाते थेट कंबोडियाच्या ख्मेर भाषेशी पोहोचते. एकाच जिल्ह्यात तीन भाषाकुळे नांदत असावीत, त्याच जिल्ह्यात मराठीचे विद्यापीठ असावे, आणि तेथील पदवीधर माणसास कोरकूत ‘पाणी’ ह्या वस्तूस काय म्हणतात हे सांगता येऊ नये! लडाखात उतरल्याबरोबर ‘जुले’ म्हणून नमस्कार करावयास जी मुले हौसेने शिकतात, त्यांनी आपल्या शेजाऱ्याचा एक तरी शब्द शिकू नये काय?

दुसरा आक्षेप सुखसोयींचा. वर्षभर राबलेल्या माणसाने चार दिवस सुखात घालवू नयेत काय? अवश्य घालवावेत. पण मग त्याने सुखाच्या जागी जावे. रानात जाऊन रानाने आपला स्वभाव बदलावा, असा हट्ट धरू नये. चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर. पायथ्याच्या मानाने तेथील हवा आल्हाददायक असते, पण ते सिमला नव्हे आणि त्याने सिमला होण्याचा प्रयत्न करू नये. तेथे दोन कड्यांना जोडणारा काचेच्या तळाचा आकाशमार्ग उभारण्याची योजना निघाली, तेव्हा त्या लांबीच्या आकड्यावर आमच्यांतील किती जण हरखून गेले! दरीच्या काठावर उभे राहिल्याने ज्याचे मन हलत नाही, त्याच्या पायाखाली काच घातल्याने ते हलेल, ही कल्पनाच आम्हांस करुणास्पद वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे. प्रवासी आले तर गरिबाच्या हाताला काम मिळते, दोन पैसे मिळतात. मग त्यांना उपदेश करून बुजवायचे कशाला? ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. चिखलदऱ्यास गर्दी उसळते ती प्रामुख्याने पावसाळ्यात; धुके उतरते, धबधबे कोसळतात, आणि सुटीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते. आता हाच काळ कोरकूंच्या घरी कसा असतो ते पाहा. घरातले धान्य संपत आलेले, बाहेरची मजुरी थांबलेली, ओढ्यांना पूर येऊन वाटा तुटलेल्या, तापाची व जुलाबाची साथ आलेली. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९० नंतरच्या दशकापासून सरकारपुढे, वृत्तपत्रांपुढे आणि उच्च न्यायालयापुढे आहे. आणि ही मुले अधिक संख्येने दगावतात ती ह्याच महिन्यांत. एकाच पावसाने एका घरी सहल होते आणि दुसऱ्या घरी उपास पडतो. ह्या दोन घरांची गाठ पडत नाही, कारण सहलीची वाट ठरलेल्या ठिकाणांवरून जाते आणि त्या ठिकाणांत वस्ती नसते. प्रवाशाचे दोन पैसे खरोखरच कोरकूच्या हाती पडतात की खालच्या शहरातून आलेल्या दुकानदाराच्या गल्ल्यात, हे विचारण्याची तसदी घेतल्यावाचून परोपकाराचे पुण्य पदरी पाडून घेणे हा शुद्ध हातचलाखीचा व्यवहार आहे.

ह्यास आणखी एक बाजू आहे. वाघासाठी जागा मोकळी व्हावी म्हणून कोहा, कुंड, बोरी आणि त्यांच्यामागून आणखी कित्येक गावे त्या वनातून उठली व अकोट-तेल्हाऱ्याकडील सपाटीवर वसविली गेली. त्यांपैकी काही कुटुंबे नव्या जागी न रमून जंगलाकडे परतू लागली, आणि २०१९ च्या जानेवारीत ह्यावरून वनखात्याशी संघर्षही झाला. वाघ राखला पाहिजे ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्या वनातून तेथील मूळ रहिवाशांस उठावे लागले, त्या वनात घटकाभराचा पाहुणा म्हणून जाणाऱ्याने निदान आवाज हलका ठेवावा, गाणी बंद ठेवावीत आणि आपण कोणाच्या सोडलेल्या अंगणात उभे आहोत हे जाणावे, एवढी अपेक्षा करणे हा उपदेश नव्हे. ही साधी माणुसकी आहे.

मग आखणी करावी तरी कशी? ती पावतीपासून नव्हे, मुलखापासून करावी. आधी ऋतू पाहावा. पावसाळ्यात व्याघ्रवनाचा गाभा प्रवाशांस बंद असतो. कार्तिकापासून माघापर्यंत थंडी, भरल्या नद्या आणि हिरवे रान मिळते. फाल्गुन-चैत्रात मोह गळतो व पहाटे बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली वेचताना दिसतात. वैशाखात तेंदूपानांची तोड चालते. ज्याला ज्या गोष्टीची जिज्ञासा असेल त्याने तो काळ निवडावा, आणि कामात असलेल्या माणसांची वाट अडवू नये. मग वाट पाहावी. परतवाड्यावरून चिखलदऱ्यास चढता येते, त्याच परतवाड्यावरून सेमाडोह, कोलकास, हरिसाल करीत धारणीस जाता येते, अकोटवरून शहानूरमार्गे नरनाळ्याचा गड गाठता येतो, मोर्शीवरून साळबर्डी. ह्या चार वाटा चार सुट्यांत कराव्यात, एका सुटीत चारही नव्हेत. वाटाड्या स्थानिक असावा. त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि म्हाइंभटांप्रमाणे त्याला विचारावे व त्याचे म्हणणे मुलांनी वहीत लिहून घ्यावे. जेवण शक्य तेथे गावातले घ्यावे. निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरात नकाशा मांडून नद्या कोठे उगवतात, कोठे मिळतात हे सर्वांनी मिळून पाहावे. आणि अखेरची गोष्ट ही की, एक दिवस अगदी कोरा ठेवावा. त्या दिवशी काय घडेल हे कोणी ठरवू नये. राजपुत्राला जसे रिद्धपूर भेटले तसे काही भेटले तर त्याच दिवशी भेटेल.

आम्ही हिमालयाचे वैरी आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. हिमालय पाहिलाच पाहिजे. पण ज्याने सातपुड्याशी पाहुण्यासारखे वागण्याचा अभ्यास केला आहे, त्याला हिमालयाशी कसे वागावे हे शिकवावे लागणार नाही. आणि ज्याने घराशेजारच्या डोंगराला केवळ रबडीचे व छायाचित्रांचे दुकान केले, तो लेहला गेला तरी दुकानच शोधील. दुरून डोंगर साजरे, हे खरे. परंतु आमच्या लोकांनी ह्या म्हणीचा अर्थ असा केला आहे की, जो डोंगर जितका दूर तितका तो अधिक साजरा, आणि जो दारात उभा आहे तो डोंगरच नव्हे. ह्या समजुतीची किंमत मेळघाटचे कोरकू मोजीत आहेत, तेथील रान मोजीत आहे, आणि ते रान राहिले नाही तर वान-शहानूरच्या कोरड्या पात्रांकडे पाहत पूर्णाकाठच्या आमच्या नातवंडांनाही ती मोजावी लागेल. यंदाच्या चैत्रात जेव्हा ‘उत्तरेकडे कोठे जायचे’ हा प्रश्न घरात निघेल, तेव्हा यजमानांनी मोबाइल क्षणभर बाजूस ठेवावा, गच्चीवर जावे आणि उत्तर दिशा कोणती हे आधी आपल्या मुलांना बोटाने दाखवावे. वऱ्हाडातील पुष्कळ घरांत मुलांचाच नव्हे, थोरांचाही भूगोल येथूनच सुरू व्हावयाचा आहे.